मटर खाली काहून जातात?

आले एकदाचे मटर. यंदा घ्यायचे नाहीत असं मी मनाशी ठरवून ठेवलं होतं. एकट्या जिवाला लागतात किती? सोलणार कोण, खाणार कोण? पण सकाळी खालून ठेलेवाल्याची आरोळी आली आणि माझे पाय कुरकुर करत का होईना, जिना उतरलेच. जबलपुरात चाखल्याशिवाय मटर कोणी घेत नाही. मीही एक शेंग उचलली, अंगठ्यानं दाबली, दाणे तोंडात टाकले आणि नेहमीचं वाक्य बोलले, "भैया, दाना छोटा है अभी."

"दीदी, आप हर साल यही बोलती हो, और हर साल ले जाती हो," तो म्हणाला आणि तराजूत पसे भरभरून टाकायला लागला. खरंच होतं त्याचं. घेतले. वर येताना दोनदा कठड्याला धरून थांबले. आता पिशवी ओट्यावर पडली आहे आणि मी तिच्याकडे बघत बसले आहे. आई जाऊन हा दुसरा हिवाळा.

थकले आहे मी. तक्रार नाही करत, आहे ते सांगते. ऑफिसातून रिटायर झाले तेव्हा वाटलं होतं, आता वाचत पडू. पण लगेच आईचं पडणं, कंबरेचं हाड, मग तिचं अंथरुण. कूस बदलणं, तेल लावणं, गरम पाण्याची पिशवी, औषधाच्या वेळा. ती गेली आणि काम संपलं, पण थकवा काही गेला नाही. तो घरातच राहून गेला आहे, पाहुणा जाऊन त्याची ट्रंक मागे राहावी तसा. सकाळी उठते, चहा ठेवते, आणि चहा होईपर्यंतच बसावंसं वाटतं. वाचायला पुस्तक घेतलं की तेच पान तीनदा वाचते. डोळ्यांचं ऑपरेशन झालं, चष्मा नवीन आहे, डोळ्यांचा काही दोष नाही.

पण मटरचा तो कच्चा, गोडसर वास घरात सुटला, आणि तो वास काही मला इथे चेरीतालच्या या घरात बसू देत नाही. तो मला रांझीच्या क्वार्टरच्या गच्चीवर नेऊन सोडतो.

बाबा तिथल्या सरकारी फॅक्टरीत टर्नर होते. त्यांचे वडील वर्ध्याकडचे. नोकरीपायी इकडे आले आणि इकडचेच झाले. आमच्या लाइनीत चार घरं मराठी, बाकी सगळ्या जगातली. डिसेंबर सरता सरता जवळच्या पाटणकडून मटरची पोती यायला लागली की सगळ्या लाइनीच्या बायका गच्चीवर चढायच्या. फॅक्टरीचा भोंगा झाला, सायकलींचा लोंढा गेटमधून आत गेला, की बायकांचं राज्य. प्रत्येकीची बाज, प्रत्येकीचं पोतं. टरफलांचे ढीग, त्यावर टपलेली गाय खाली रस्त्यात उभी, आणि सगळ्यांची नखं हिरवी. आठवडाभर धुतली तरी ती हिरवी राहायची. शाळेत बाई हात पाहून म्हणायच्या, "अच्छा, तुम्हारे यहाँ भी आ गया मटर."

आमची बाज सुतळीची, आणि ढिली. बाबा दर दिवाळीत म्हणायचे, यंदा आवळून देतो. ती कधी आवळली गेली नाही. त्या बाजेवर जुनी चादर टाकून आम्ही सोललेले दाणे तिच्यावर टाकायचो. आई काठावर बसली की चादरीला तिच्या बाजूनं खड्डा पडायचा आणि सगळे दाणे घरंगळत तिच्याकडे जायचे. ती उठली की पसरायचे. मी बसले की काही माझ्याकडे यायचे, पण थोडे. मी हडकुळी होते. आई म्हणायची, "पाह्य, मटरले बी समजते घरात वजन कोणाचं हाय ते."

माझ्या मांडीवर सोलायच्या ताटाखाली पुस्तक असायचं. ते आईला माहीत होतं. "सोलून राहिली का वाचून राहिली वं?" असं ती विचारायची, पण ताट उचलून पाहायची नाही.

पुस्तकं यायची गोहलपुरातून. तिथे रद्दीवाल्याचं एक दुकान होतं, वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांत गळ्यापर्यंत बुडालेलं. आई महिन्याची रद्दी घेऊन बसनं तिकडे जायची आणि मला ओझं धरायला न्यायची. पहिलं पुस्तक मला तिथेच सापडलं. कुठल्या तरी परदेशी पुस्तकाचं हिंदी भाषांतर, जाड कागद, पुढची पानं गेलेली. नाव काय, लिहिणारा कोण, मला आजतागायत माहीत नाही. उघडलं तर त्यात लिहिलेलं होतं, की आकाशात दिसणारा तारा आत्ताचा नाहीच, तो जुना आहे, त्याचा उजेड आत्ता पोचून राहिला. मी तिथेच गठ्ठ्यावर बसले. आई रद्दीवाल्याशी भांडत होती, "किताब भी रद्दी के भाव से दो, भैया, आगे के पन्ने कहाँ हैं इसमें?" त्यानं दिलं.

आमच्या शाळेत मुलींना नववीत विषय निवडायचे असत. निवडायचे म्हणजे काय, आर्ट्स नाही तर गृहविज्ञान. सायन्स शिकवायला मुलींकडे मास्तरच नव्हता. मी आर्ट्स घेतलं आणि फिजिक्स घरी नेलं. गोहलपूरची रद्दी, शहरातल्या मराठी मंडळाच्या वाचनालयातलं एक कपाट, जे कोणीच उघडत नसे, आणि मासिकांतून फाडलेली पानं, एवढी माझी प्रयोगशाळा. वाचनालयाचे काका म्हणायचे, "ने बाई ने, तूच ने. वाळवी तरी दुसरीकडे जाईल." मी नेत गेले. अणू, प्रकाश, काळ, फुगणारं विश्व, सगळं आधाशासारखं वाचलं. समीकरण आलं की पान उलटायचं. कादंबरीत निसर्गवर्णन आलं की लोक उलटतात ना, तसं. त्या पुस्तकांच्या प्रस्तावनाही मोठ्या लाघवी, घाबरू नका म्हणायच्या, यात गणित नाही. मी म्हणायचे, वा! काठावर बसून पोहायला शिकवणारे भेटले की असंच होतं, पण ते मला फार उशिरा कळलं.

तेव्हा मात्र डोक्यात नुसता उजेड होता. शाळेची सहल मदनमहालच्या टेकडीवर गेली. तिथे एका खडकाच्या टोकावर भला मोठा दगड तोललेला आहे. सगळ्या पोरी त्याला ढकलून हसत होत्या आणि मी दगडाच्या गुरुत्वमध्यावर भाषण देत उभी. मैत्रीण म्हणाली, "अच्छा जी, वैज्ञानिक जी, अब अंताक्षरी में बैठो." बसले. पण त्या दिवशी बसमध्ये मला फार आनंद झालेला होता, कारण इतक्या सगळ्यांमध्ये तो दगड का पडत नाही हे एकटीला ठाऊक होतं. असा आनंद मला पुढे कुठल्या पगारानं किंवा बढतीनं दिला नाही.

आणि मग त्याच मटरच्या दिवसांत ती चादरीची गोष्ट वाचली. सूर्य पृथ्वीला दोरीनं ओढत नाही, तर जागाच वाकवतो. ताणलेल्या चादरीवर जड गोळा ठेवला की खड्डा पडतो आणि लहान गोळ्या त्याच्याकडे घरंगळतात, तसं. मी ताट बाजूला ठेवलं. समोर बाज, बाजेवर चादर, काठावर आई आणि तिच्याकडे घरंगळलेले हिरवेगार मटर. "आई, उठू नको! हलू नको!" मी ओरडले. ती दचकली. "काय हाय? इंगळी हाय का?" मी तिला सांगायला लागले, की तूच सूर्य आहेस. गच्चीवरच्या बायका हसून हसून लोळल्या. पोट्टी बह्याड झाली, असं त्यांनी एकमतानं ठरवलं. आई हसली नाही. ती मटरकडे पाहत होती. मग सावकाश उठली, पुन्हा बसली, दाणे पुन्हा आले. "हो वं," ती म्हणाली.

मला वाटतं, त्या दिवशीच तिनं ठरवलं. त्या उन्हाळ्यात मी अकरावी आर्ट्स पास झाले, तेव्हा शाळा अकरावीलाच संपायची. कॉलेजात सायन्स मिळायला अकरावी सायन्सनं पाहिजे, आणि सायन्सची परीक्षा घरी बसून, स्वाध्यायी म्हणून देता येत नाही, कारण प्रॅक्टिकल असतात. कुठल्या तरी प्रयोगशाळेनं आत घेतलं तरच. चेरीतालला आईच्या ओळखीत एक घर होतं. त्यांच्याकडे पुढच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती गेली, तर तिथे भाडेकरूची बायको भेटली, आणि तिचा नवरा निघाला कॉलेजात फिजिक्सचा मोठा प्रोफेसर. आईनं तिळगूळ हातावर ठेवताच सांगून टाकलं, "दीदी, मेरी लड़की फिजिक्स पढ़ती है, अपने मन से." घरी येऊन मला म्हणाली, "रविवारी बोलावलं हाय. तो हो म्हणाला, तर लॅबमध्ये जाता येते. बाबाले मी पाहून घेतो." बाबा ताटावर होते. त्यांनी मान वर केली, "प्रोफेसर हो म्हणाला तर मी कशाला नाही म्हणू?" म्हणाले आणि भात कालवायला लागले. म्हणजे आता सगळं त्या एका माणसाच्या हो किंवा नाहीवर आलं. मला फिजिक्स येतं की येत नाही, एवढंच ठरायचं होतं.

आदल्या दिवशी हिवाळ्यातला पाऊस, मावठा, पडून गेला होता. रविवारी ऊन आलं, धुतल्यासारखं. सर अंगणात खुर्चीवर बसून बायकोबरोबर मटर सोलत होते. प्रोफेसरही मटर सोलतात हे पाहून मला एवढा धीर आला की मी न विचारताच बोलायला लागले. तारे, उजेड, मग चादर. सरांच्या ताटातले दाणे दाखवून मी पूर्ण सूर्यमाला मांडली. सर लक्ष देऊन ऐकत होते. "बहुत बढ़िया," ते म्हणाले. आईनं माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा मला अजून दिसतो.

मग सरांनी एक दाणा बोटांत धरला. "अच्छा बिटिया, ये बताओ. चादर में गड्ढा है, माना. पर मटर गड्ढे में जाता क्यों है?"

"नीचे है इसलिए, सर."

"नीचे कौन खींच रहा है उसको?"

मी तोंड उघडलं. गुरुत्वाकर्षण, हा शब्द ओठांवर आला आणि तिथेच थिजला. म्हणजे गुरुत्वाकर्षण समजावून सांगायला मी खाली, चादरीच्या खाली, आणखी एक गुरुत्वाकर्षण ठेवलं होतं. इतके दिवस, इतके महिने, ते मला दिसलंच नव्हतं. सर हसले. वाईट नाही हसले, मायेनंच हसले. नंतर एक साधं गणित विचारलं, गच्चीवरून दाणा सोडला तर किती वेळात पडेल. तेही आलं नाही. ज्या पानांवर ते होतं ती मी उलटून टाकली होती.

"कहानी बहुत अच्छी सुनाती हो," सर म्हणाले. "पर फिजिक्स कहानी नहीं है, बिटिया. बी.ए. कर लो. हिंदी लो, नाम करोगी."

त्यांच्या बायकोनं मटरच्या कचोऱ्या आणल्या. मी एक खाल्ली. नाही म्हणायचं सुचलंच नाही.

परत जाताना आम्ही बसस्टँडपर्यंत सायकलरिक्षा केली. एरवी आई चालत जायची, त्या दिवशी तिनं स्वतःहून हात केला. मी एका बाजूला तोंड करून रडत होते. समोरून मटरच्या पोत्यांचा टेम्पो आला, रिक्षावाल्यानं कडेला घेतलं, आणि एक चाक रस्त्याच्या कडेच्या चिखलात गेलं. ते चाक तिथे रेंगाळलं, दुसरं डांबरावरून तसंच पळत राहिलं, आणि सगळी रिक्षाच गर्रकन चिखलाकडे वळली. आईच्या लुगड्याचा काठ भरला. एरवी तिनं रिक्षावाल्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या. त्या दिवशी नुसता काठ झटकला. बसस्टँड आल्यावर बोलली.

"पण मटर खाली काहून जाते, हे त्याले तरी माहीत हाय का?"

"असेल ना, आई. ते प्रोफेसर आहेत."

"मंग सांगितलं काहून नाही?"

मी तिच्यावर खेकसले. सर बरोबर होते आणि आईला त्यातलं काही कळत नव्हतं, असं मला वाटत होतं. आज मागे वळून पाहते तरी सर चूक होते असं म्हणता येत नाही. ते कुठे तरी खोटे निघाले असते तर मी त्यांच्यावर आयुष्यभर रागावून तरी राहिले असते. तेवढाही आधार त्यांनी ठेवला नाही.

मी स्वाध्यायी बी.ए. केलं. सेंट्रल गव्हर्नमेंटच्या एका ऑफिसात चिकटले. बाबा रिटायर झाले, क्वार्टर सुटलं, धाकटा भाऊ विजू शिकून पुण्याला गेला, आणि आम्ही चेरीतालला घर घेतलं. काही वर्षांनी बाबा तिथेच गेले. सरांचं ते घर इथून दोन गल्ल्या पलीकडे. ते कधीच बदलून गेले होते. तिथून जाताना अंगणाकडे बघायचं नाही, अशी मी मानेला सवय लावून घेतली. लग्नाचं काही जमलं नाही, आणि नाही जमलं याचं मला फार वाटलंही नाही. वाटायचं ते दुसरंच. पुस्तक हातात घेतलं की आत कोणी तरी म्हणायचं, कहानी बहुत अच्छी है. तरी वाचणं सुटलं नाही. विजूची जुनी पाठ्यपुस्तकं मी ठेवून घेतली होती. मधल्या सुट्टीत डबा खाऊन झाला की त्यातली उलटलेली पानं एकेक करून परत उलटायला लागले. गच्चीवरून दाणा पडायला किती वेळ लागतो, ते एका दुपारी फाइलच्या पाठकोऱ्या कागदावर आलं. एक सेकंदसुद्धा लागत नाही. शेजारच्या टेबलावरच्या दीदी म्हणाल्या, "क्या हुआ, हँस क्यों रही हो?" मी कागद डब्याखाली सरकवला.

पण पहिला प्रश्न तसाच राहिला. चादरीची गोष्ट प्रत्येक पुस्तकात यायची, चित्रासकट, आणि कोणीच ते विचारायचं नाही. मला वाटायचं, बाकी सगळ्यांना ते कळत असेल, म्हणून विचारत नसतील. माझ्यासारख्या वाचून वाचून शिकलेल्या माणसाचा हा शाप असतो. शेजारच्या बाकावर कोणी नसतं. कोणाला खुणेनं विचारावं, की तुला कळलं का रे?

आईच्या शेवटच्या हिवाळ्यात हाच वास घरभर होता. ती पलंगावर, मी शेजारी खुर्ची टाकून. तिला दाणे दिसले पाहिजेत म्हणून परात पलंगावर ठेवायची. सोलायला तिचे हात चालत नव्हते, पण ती एक दाणा बोटांत घेऊन फिरवत बसायची. मी सोलायचे, डुलकी लागायची, जाग यायची, पुस्तकाच्या चार ओळी वाचायचे, तेवढ्यात तिला कूस बदलून हवी असायची. त्या दिवसांत वाचलेलं काही डोक्यात राहत नव्हतं. आणि तरी एका दुपारी, ऊन पलंगाच्या पायाशी आलेलं असताना, ती ओळ आली. जमिनीजवळ वेळ हळू चालतो, वर जरा भरभर, आणि वस्तू खाली पडते ती मुख्यतः ह्यामुळे. चादरीच्या खड्ड्यामुळे नाही. पुढे समीकरण होतं. ह्यावेळी मी पान उलटलं नाही. सगळं नाही समजलं, पण त्याचं तोंड कुठे आहे ते दिसलं. आणि डोळ्यांसमोर काय यावं? ती रिक्षा.

"आई, सापडलं!"

"काय सापडलं? चष्मा का?"

"नाही वं. मटर खाली काहून जातात ते."

वाटलं होतं, विचारेल कुठले मटर. तिला सकाळचं जेवण आठवत नसे. पण ती मान वळवून माझ्याकडे पाहायला लागली. "सांग मंग," ती म्हणाली. एवढी वर्षं ती ते विसरलीच नव्हती. मला सांगितलं मात्र कधी नाही.

मी सांगितलं. "त्या दिवशी रिक्षाचं एक चाक चिखलात गेलं होतं, आठवते?"

"माह्या लुगड्याचा काठ भरला होता."

"चिखलातलं चाक हळू झालं, डांबरावरचं जोरात. मग रिक्षा कुठे वळली?"

"चिखलात."

"तसंच, आई. दाण्याच्या खालच्या अंगाला वेळ हळू चालतो, वरच्या अंगाला जरा भरभर. एवढासा फरक, आपल्या घड्याळात दिसणारही नाही. पण तेवढ्यानं तो खाली वळतो. कोणी ओढत नाही."

ही पण गोष्टच होती, मला माहीत आहे. पण ह्या गोष्टीच्या खाली दुसरं गुरुत्वाकर्षण लपवलेलं नव्हतं. आईनं डोळे मिटले. मला वाटलं झोपली.

"खाली वेळ हळू काहून चालते?"

"पृथ्वी जड आहे म्हणून."

"जड असलं की वेळ हळू काहून होते?"

"ते नाही माहीत, आई. कोणालाच नीटसं माहीत नाही बहुतेक."

"म्हणजे अजून बाकी हाय," ती समाधानानं म्हणाली. मग थोड्या वेळानं, "मंग आली का तुले फिजिक्स?"

इतक्या वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. "आली, आई. थोडीशी आली."

"त्या सराले सांगजो."

"सर कुठले आता!"

"मंग मले सांगितलं ते झालं." तिनं बोटांतला दाणा परातीत टाकला. तो घरंगळत तिच्या कुशीच्या बाजूला गेला. तिथे गादी दबली होती. तिनं ते पाहिलं आणि तिच्या ओठांच्या कडेला ती जुनी, गच्चीवरची खोडी आली. "खाली वेळ हळू चालते म्हणते तू. म्हणून काय माणसाले शेवटी पलंगावरून खाली घेतात?"

"काहीही बोलू नको. त्याचं कारण वेगळं आहे."

"असू दे वेगळं. मले टायमावर घेजो खाली. उशीर नको करू. तेवढाच वेळ जास्त."

आम्ही दोघी हसलो. तिला हसताना ठसका लागला आणि मी पाण्याचा चमचा घेऊन उठले.

ते दिवस आले तेव्हा मटर संपत आले होते, दाणे जून व्हायला लागले होते. विजू पुण्याहून आला होता. दुपारी डॉक्टर येऊन गेले आणि दारातच नुसती मान हलवून गेले. तिचा श्वास अजून चालू होता, सावकाश, मध्ये अडखळत. मी म्हटलं, "विजू, आईला खाली घेऊ."

"ताई, आत्ताच काहून? अजून श्वास हाय तिचा. थंडी हाय, फरशी गार हाय. थांब ना जरा."

"आत्ताच," मी म्हटलं. "तिनं सांगून ठेवलं आहे."

त्यानं खांद्याकडून धरलं, मी पायांकडून. घोंगडी अंथरून आम्ही तिला जमिनीवर निजवलं. किती हलकी झाली होती! एकेकाळी सगळी बाज तिच्याकडे घरंगळायची. विजूनं तुळशीचं पान आणायला म्हणून गॅलरीत जाऊन डोळे पुसले. शेजारच्या मामी आल्या, त्यांनी माझ्यासाठी खुर्ची पुढे ओढली, म्हणाल्या, "बैठो बेटा, कब से खड़ी हो." खुर्चीवर मी बसले नाही. मी तिच्याजवळ फरशीवर बसले, जेवढी ती खाली होती तेवढीच, तिच्या आणि माझ्या वेळात फरक पडू नये म्हणून. संध्याकाळ व्हायच्या आत ती गेली.

पिशवी अजून ओट्यावर आहे. ऊन गॅलरीतून सरकायला लागलं, आता सोलायला घेतलं पाहिजे, नाही तर उद्यापर्यंत शेंगा सुकतील. टेबल आहे, खुर्ची आहे, त्यावर बसून सोल, असं विजू फोनवर बजावत असतो. गुडघ्यांचं दुखणं आहेच, उठताना दाराच्या चौकटीला धरावं लागतं. तरी मी परात घेऊन खालीच बसते.